वेग, वारा आणि एक खटका

न्यूझीलंडमधल्या एका पेट्रोलपंपावर वाढलेल्या, एक पाय आखूड असलेल्या मुलाने जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी बांधल्या. त्या बांधताना त्याला सर्वांत जास्त शिकवले ते वाऱ्याने. आणि अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्याला आपल्यातून नेले तेही वाऱ्यानेच. ब्रूस मॅकलॅरनच्या आयुष्याची ही गोष्ट.

मोटारशर्यती टीव्हीवर पाहणाऱ्या घरांत नारिंगी रंगाची मॅकलॅरन चांगली ओळखीची असते. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना तर तिच्या चालकांची नावे, त्यांचे गुण, कोण कोणत्या वळणावर कोणाला मागे टाकतो, हे सारे तोंडपाठ असते. मॅकलॅरन हे मात्र पुष्कळांना नुसतेच एका कंपनीचे नाव वाटते. एखाद्या घड्याळाचे किंवा फाउंटनपेनचे असावे तसे. ते एका माणसाचे आडनाव होते. हा माणूस स्वतः इंजिनिअर होता, स्वतः मोटार चालवत होता, स्वतःच्या हाताने पत्रा कापत होता. आणि २ जून १९७० रोजी, स्वतःच बांधलेल्या मोटारीची चाचणी घेत असताना, तिच्या अंगावरचे मागचे आवरण सुटले आणि तो गेला.

ही गोष्ट कळायला शर्यतीच्या मोटारीचे अंग कसे असते हे थोडे समजून घ्यायला हवे. आपल्या रस्त्यावरच्या मोटारीचा पत्रा हा तिच्या हाडामांसाचाच भाग असतो. शर्यतीच्या मोटारीचे तसे नाही. तिचा सांगाडा, इंजिन, चाके ही खरी मोटार; वरचे अंग म्हणजे नुसता अंगरखा. हा अंगरखा दिवसातून दहा वेळा काढावा लागतो. इंजिनात काही पाहायचे, तो काढा. चाकाचा कोन बदलायचा, तो काढा. म्हणून तो नटबोल्टने आवळून टाकत नाहीत. क्षणात उघडणारे आणि क्षणात बसणारे खटके, पिना आणि खिट्या यांवर तो धरलेला असतो. स्कूटरच्या इंजिनावरचे फुगीर पत्र्याचे झाकण एक दांडी फिरवली की हातात येते, तसेच काहीसे. फरक इतकाच, की स्कूटर ताशी पन्नास किलोमीटरने जाते आणि ही मोटार ताशी तीनशेच्या घरात.

दोन वर्षे बिछान्यावर

ब्रूस लेस्ली मॅकलॅरनचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात झाला. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेमुएरा या भागात पेट्रोलपंप होता आणि त्याला लागूनच मोटारदुरुस्तीचे वर्कशॉप. वडिलांना तरुणपणी मोटारसायकल शर्यतींचा नाद होता. घरात जेवणाच्या टेबलावरही कार्ब्युरेटर आणि पिस्टन यांच्याच गप्पा. अशा घरातला मुलगा हातात पाना घेऊनच मोठा होणार हे ठरलेलेच होते.

पण नवव्या वर्षी घात झाला. मुलगा लंगडू लागला. डॉक्टरांनी निदान केले ते पर्थीज नावाच्या रोगाचे. या रोगात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरेसे पोचत नाही आणि हाड ठिसूळ होऊन झिजते. त्या काळी उपाय एकच. पायावर शरीराचा भार मुळीच पडू द्यायचा नाही. ऑकलंडजवळच्या ताकापुना येथील विल्सन होम या मुलांच्या रुग्णालयात ब्रूसला ठेवण्यात आले. सुमारे दोन वर्षे पायाला वजने बांधून, चौकटीला जखडून तो पडून होता. धावण्या-उंडारण्याच्या वयात छताकडे पाहत पडून राहणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याच्या घरात असे आजारपण झाले असेल त्यालाच येईल.

तो बरा झाला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला तो कायमचाच. पुढे जगभरच्या छायाचित्रकारांनी टिपलेल्या त्याच्या चालीत किंचित लचक दिसते ती त्यामुळे. मैदानी खेळ संपले होते. मात्र मोटारीत बसल्यावर दोन पायांतला दीडएक इंचाचा फरक कुणाला दिसत नव्हता आणि मोटारीला तो कळत नव्हता.

वडिलांनी एक जुनी, १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर घेतली होती. दुरुस्त करून विकावी, असा साधा व्यवहारी विचार. मुलाने ती विकू दिली नाही. बापलेकांनी मिळून ती उभी केली आणि १९५२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ब्रूस तिच्यातून आपल्या पहिल्या स्पर्धेत उतरला. ती टेकडी चढण्याची स्पर्धा होती. त्यानंतर फोर्ड, मग ऑस्टिन-हीली, मग कूपर अशा पायऱ्या तो चढत गेला. एकीकडे ऑकलंडला इंजिनिअरिंगचे शिक्षण चालू होते. पुस्तकातले गणित आणि वर्कशॉपमधला तेलकट हात या दोन्ही गोष्टी एकाच माणसात येण्याचा योग तसा कमीच. इथे तो आला.

सेब्रिंगची शेवटची फेरी

न्यूझीलंड हा तेव्हा तीस लाखांहूनही कमी वस्तीचा, साऱ्या जगापासून दूर असलेला देश होता. तिथल्या एखाद्या होतकरू चालकाला युरोपात पाठवावे, अशी योजना तिथल्या शर्यत संघटनेने आखली. १९५८ साली या योजनेतून निवडलेला पहिला मुलगा म्हणजे वीस वर्षांचा ब्रूस. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम तेव्हा इंग्लंडमध्ये कूपर कंपनीकडून शर्यती खेळत होता. न्यूझीलंडमध्ये आला असताना त्याने या मुलाला पाहिले होते. त्याने त्याला हाताशी धरले.

त्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर, डोंगरदऱ्यांतून जाणाऱ्या त्या अवघड मार्गावर, मोठ्या मोटारींबरोबर छोट्या वर्गाच्या मोटारीही एकाच वेळी धावत होत्या. ब्रूसने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला, आणि सगळ्यांत मिळून तो पाचवा आला. पुढच्याच वर्षी कूपरने त्याला मुख्य संघात घेतले.

१२ डिसेंबर १९५९. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेब्रिंग येथे वर्षातली शेवटची शर्यत. जगज्जेतेपद कुणाचे, हे तिथेच ठरणार होते. ब्रॅबहॅम सर्वांत पुढे, ब्रूस त्याच्या पाठोपाठ. शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचे पेट्रोल संपले. गुरूची मोटार मंदावलेली पाहून शिष्यही क्षणभर गोंधळला. मग त्याने वेग घेतला आणि मागून झेपावलेल्या मॉरिस त्रँतिन्याँच्या अवघे ०.६ सेकंद आधी रेषा ओलांडली. ब्रॅबहॅमने आपली मोटार घामाघूम होत ढकलत आणली, चौथा क्रमांक मिळवला आणि जगज्जेतेपदही. ब्रूस तेव्हा २२ वर्षे आणि १०४ दिवसांचा होता. इंडियानापोलिसची अमेरिकन शर्यत सोडली, तर इतक्या लहान वयात ग्रां प्री कुणी जिंकली नव्हती. हा विक्रम मोडायला २००३ साल उजाडावे लागले. तो फर्नांडो अलोन्सोने मोडला.

१९६० मध्ये अर्जेंटिनात विजय आणि वर्षअखेर जगात दुसरा क्रमांक. १९६२ मध्ये मोनॅकोत विजय. १९६१ मध्ये पॅट ब्रॉडशी लग्न झाले होते. १९६५ मध्ये मुलगी अमांडा जन्मली. दुसरा एखादा इथे स्थिरावला असता. ब्रूसच्या मनात मात्र दुसऱ्याने बांधलेली मोटार चालवण्यापेक्षा आपली स्वतःची बांधण्याचे होते. १९६३ साली त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. थोडी माणसे आणि एक शेड, इतकाच तिचा संसार. कंपनीच्या बिल्ल्यावर त्याने आपल्या देशाचा किवी पक्षी घातला. ज्याला उडता येत नाही असा तो पक्षी!

सुरुवातच दुःखाची झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातल्या लाँगफर्ड येथे सरावात त्याच्या संघातला तरुण अमेरिकन सहकारी टिमी मेयर मोटार झाडावर आदळून गेला. ब्रूसने मित्राच्या आठवणीत जे लिहिले त्यात त्याचा स्वतःचाच स्वभाव उतरला होता. आयुष्य वर्षांनी नव्हे, केलेल्या कामाने मोजावे, असा त्याचा आशय होता. टिमीचा भाऊ टेडी मेयर वकिलीचे शिक्षण घेतलेला होता. तो भागीदार म्हणून संघात आला आणि शेवटपर्यंत राहिला.

फडफडणारे झाकण

या सुरुवातीच्या काळातली एक हकिगत मोटारींच्या जगात फार प्रसिद्ध आहे. एका स्पोर्ट्स मोटारीची चाचणी चालू होती. ब्रूस गाडी चालवत होता. त्याच्या लक्षात आले, की पुढच्या अंगावरचे पेट्रोल भरण्याच्या जागेचे छोटे झाकण वेगात फडफडते आहे. प्रथम त्याला रागच आला. कुणीतरी झाकण नीट लावले नव्हते. पण राग ओसरण्याआधीच इंजिनिअर जागा झाला. समोरून इतका वारा येतो आहे, तर त्याने झाकण खाली दाबून धरायला हवे; मग ते वर का उचलले जाते?

याचा अर्थ झाकणाच्या वरच्यापेक्षा खालचा दाब जास्त होता. नाकातल्या छिद्रातून वारा आत शिरत होता, रेडिएटरमधून जात होता आणि पुढे बाहेर पडायला वाट नसल्याने आवरणाखाली कोंडत होता. कोंडलेला वारा मोटारीचे नाक वर उचलत होता, आणि रेडिएटरमधून नवा गार वाराही नीट येऊ देत नव्हता.

ब्रूसने मोटार थांबवली, पत्रा कापायची कात्री मागवली आणि रेडिएटरच्या मागे आवरणाला सरळ मोठी भोके पाडली. मेकॅनिक बघतच राहिले. तो पुन्हा फेरीवर गेला, आणि मोटार लगेच वेगवान झाली. तेव्हापासून त्याच्या मोटारींच्या नाकावर वारा बाहेर सोडणाऱ्या नाकपुड्या दिसू लागल्या. एका सैल झाकणाने त्याला धडा दिला होता. मोटारीचे अंग ही नुसती शोभा नाही. त्याच्यावर आणि त्याच्याखाली सतत एक झुंज चाललेली असते, आणि ती झुंज डोळ्यांना दिसत नाही.

या झुंजीचा हिशेब साधा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी २७० किलोमीटर वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण साडेतीनशे किलो भरतो. म्हणजे घरातल्या एका छोट्या टेबलाएवढ्या जागेवर पाच-सहा धडधाकट माणसे उभी राहावीत, तसे. हा जोर खाली दाबणारा असला तर मोटार रस्त्याला चिकटून राहते. तोच एखाद्या फटीतून आवरणाखाली घुसला, तर आवरण उचलतो.

पाव फेरीचा खटका

मग हे आवरण धरून ठेवणाऱ्या खटक्यांकडे पाहू. यातला सर्वांत नावाजलेला खटका ‘झूस’ या नावाने ओळखला जातो. विल्यम झूस हा मूळचा युक्रेनियन. १८९५ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी अमेरिकेत आला आणि १९३०च्या दशकात त्याने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आपल्या खटक्याचा कारखाना उभारला. १९६४ मध्ये तो वारला. त्याचा खटका प्रथम विमानांच्या इंजिनांवरच्या आवरणांसाठी गाजला. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीवर मेकॅनिकला मिनिटाभरात इंजिन उघडे करून हवे असे, ते या खटक्याने साधले. युद्धानंतर तोच खटका शर्यतीच्या मोटारींवर आला. आजही तो जगभर वापरला जातो.

त्याची रचना पाहिली की कौतुक वाटते. आवरणावर बसवलेली एक आखूड खुंटी, तिच्या डोक्यावर स्क्रूसारखी खाच. खुंटीच्या खालच्या टोकाला वळत वर जाणारी, गोगलगायीच्या शंखासारखी चीर. खाली सांगाड्यावर एक आडवी स्प्रिंगची तार. खुंटी तारेवर टेकवून पाव फेरी फिरवली, की तार चिरेत शिरून वर ओढली जाते, शेवटी एका उंचवट्यावरून घसरून खळग्यात बसते आणि टक् असा आवाज होतो. तार सतत ताणलेली असल्याने धक्क्यांनी खुंटी आपोआप उलटी फिरत नाही. उघडताना पुन्हा पाव फेरी. एवढाच खेळ.

दुसरा प्रकार पिनेचा. सांगाड्यावर उभी खुंटी, ती आवरणाच्या भोकातून वर येते आणि तिच्या आरपार केसांच्या आकड्यासारखी एक पिन घातली जाते. ही पिन हरवू नये म्हणून तिला बारीक तार बांधतात. जुन्या कडीकोयंड्यात खिळा अडकवतात, त्याचीच ही धाकटी बहीण.

दोन्ही प्रकारांत दोष एकच, आणि तो माणसाचा असतो. पाव फेरीऐवजी पाव फेरीला थोडी कमी फिरवली, तर खटका वरून लागल्यासारखा दिसतो, लागलेला नसतो. म्हणून पुष्कळ मेकॅनिक खुंटीच्या खाचेशी जुळणारी रंगाची रेघ आवरणावर मारून ठेवतात. रेघ जुळली तर खटका बंद. रॅलीसारख्या अनेक स्पर्धांच्या नियमांत आता बॉनेट आणि डिकीला प्रत्येकी किमान दोन जादा खटके सक्तीचे आहेत. वेगाच्या या जगात शेवटी सुरक्षितता एका टक् या आवाजावर येऊन ठेपते.

१९६६ च्या ल मां शर्यतीत याची गमतीदार चुणूक दिसली. फ्रान्समधली ही चोवीस तासांची शर्यत फोर्ड कंपनीला काहीही करून जिंकायची होती. केन माइल्सच्या फोर्डचे दार नीट लागेना, म्हणून पहिल्याच फेरीनंतर त्याला थांबावे लागले. तरीही तो पुढे आला. शेवटी फोर्डच्या मोटारी एकत्र रेषा ओलांडतील असा घाट कंपनीने घातला. आणि सुरुवातीला मागच्या जागेवरून निघाल्याने जास्त अंतर कापलेल्या मोटारीला विजयी ठरवण्यात आले. ती मोटार ब्रूस मॅकलॅरन आणि त्याचा देशबंधू ख्रिस अॅमन यांची होती. या निकालावरचा वाद अजूनही मिटलेला नाही. माइल्स बिचारा दोनच महिन्यांनी एका चाचणीत गेला.

ब्रूस आणि डेनी

१९६६ सालीच मॅकलॅरन नावाची पहिली ग्रां प्री मोटार मोनॅकोत उतरली. यश लगेच आले नाही. ते आले ९ जून १९६८ रोजी, बेल्जियममधल्या स्पा येथे. पुढे असलेल्या जॅकी स्ट्यूअर्टला अखेरीस पेट्रोलसाठी थांबावे लागले, आणि ब्रूस पहिला आला. गंमत म्हणजे त्याला स्वतःला ते ठाऊकच नव्हते. आपण दुसरे आलो, याच समजुतीत तो मोटारीतून उतरला. स्वतःच्या नावाच्या मोटारीतून ग्रां प्री जिंकण्याचा मान त्याच्याआधी मिळाला होता तो त्याचा गुरू ब्रॅबहॅम याला.

पण ब्रूसचे खरे राज्य होते अटलांटिकच्या पलीकडे. अमेरिका आणि कॅनडा मिळून कॅन-अॅम नावाची शर्यतमालिका भरवत. तिचे नियम नावापुरतेच. इंजिन हवे तेवढे मोठे, आवरण हवे तसे. १९६७ मध्ये ब्रूसने नारिंगी रंगाच्या मोटारी उतरवल्या आणि आपल्याच देशाचा डेनी हल्म याला जोडीला घेतले. त्या वर्षी सहांपैकी पाच शर्यती या दोघांनी जिंकल्या. १९६८ मध्ये सहांपैकी चार. १९६९ मध्ये तर अकराच्या अकरा. सहा ब्रूसने, पाच डेनीने. दोघे न्यूझीलंडवाले येतात, पहिला-दुसरा क्रमांक घेतात, बक्षिसाच्या रकमा उचलतात आणि परततात, हे पाहून लोकांनी या मालिकेला ब्रूस आणि डेनीचा खेळ असेच नाव दिले. या पैशावर इंग्लंडमधला कारखाना चालत होता.

कारखान्यातले वातावरण मोठे घरगुती होते, असे त्याच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांनी सांगून ठेवले आहे. मालक स्वतः बाही वर करून काम करायचा. हाताखालच्या माणसांना त्याने कधी हाताखालचे मानले नाही. चालक म्हणून तो धाडसी नव्हे, विचारी म्हणून ओळखला जाई. मोटारीच्या मर्यादेपलीकडे न जाणारा, जपून चालवणारा माणूस. रस्त्यावर चालवता येईल अशी मॅकलॅरन बांधण्याचेही त्याच्या मनात होते. तशी एक मोटार तयार करून तो ती स्वतः रोज वापरू लागला होता.

गुडवुडचा मंगळवार

१९७० साल उजाडले. कॅन-अॅमच्या नियमांत एक बदल झाला होता. आधीच्या मोटारीवर उंच खांबांवर एक मोठा पंख असे. वारा त्याला खाली दाबी आणि तो दाब थेट चाकांकडे जाई. असे खांबांवरचे उंच पंख आता बंद झाले. म्हणून नव्या एम ८ डी या मोटारीत मागच्या आवरणावर दोन उभे कल्ले देऊन त्यांच्यामध्ये पंख बसवण्यात आला. लोकांनी तिचे नाव बॅटमोबिल ठेवले. मागे ७.६ लिटरचे शेव्हरले इंजिन, साडेसहाशेहून अधिक अश्वशक्ती. मागची चाके रस्त्याला दाबून ठेवण्याचे बरेचसे काम आता या मागच्या आवरणाकडे आले होते.

त्या मे महिन्यात संघावर एक संकट येऊनही गेले होते. इंडियानापोलिसला सराव करताना डेनी हल्मच्या मोटारीतून मिथेनॉल गळले आणि पेटले. मिथेनॉलची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. डेनीचे दोन्ही हात भाजले. नव्या मोटारीची चाचणी त्यामुळे ब्रूसच्याच खांद्यावर आली.

मंगळवार, २ जून. इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवुड येथे एक मार्ग आहे. युद्धकाळातल्या विमानतळाभोवतीचा रस्ता पुढे शर्यतींसाठी वापरात आला होता. १९६६ मध्ये तिथल्या शर्यती थांबल्या, पण चाचण्या चालू होत्या. चाचणीचा दिवस हा असाच असतो. थोड्या फेऱ्या मारायच्या, थांबायचे, मागचे आवरण काढायचे, काहीतरी बदलायचे, आवरण पुन्हा बसवायचे, पुन्हा जायचे. कंटाळवाणे, बिनटाळ्यांचे काम. ब्रूसला हेच काम सर्वांत आवडे.

दुपारी लॅव्हंट नावाच्या सरळ पट्ट्यावर मोटार पूर्ण वेगात असताना तिचे मागचे आवरण सुटले. आवरणाबरोबर पंख गेला, पंखाबरोबर मागच्या चाकांवरचा दाब गेला. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगात मागची चाके एकाएकी हलकी झाली की चालकाच्या हातात काहीही उरत नाही. मोटार गरगरत मार्गाबाहेर गेली आणि मार्शलांच्या चौकीसाठी उभारलेल्या बांधावर आदळली. शर्यती बंद झाल्यापासून त्या चौकीचे काम संपलेले होते. बांध तेवढा उभा होता. ब्रूस जागीच गेला. तो बत्तीस वर्षांचा होता. मागे पॅट आणि साडेचार वर्षांची अमांडा.

ज्या वाऱ्याचा उलगडा त्याला एका फडफडणाऱ्या झाकणाने झाला होता, तोच वारा आवरणाखाली शिरला होता. दोष कुणाचा, हे सांगण्यात अर्थ नाही. ती मोटार सगळ्यांनी मिळून बांधली होती, आणि त्या सगळ्यांचे त्याच्यावर प्रेम होते. त्या माणसांना पुढची कितीतरी वर्षे रात्री झोपताना काय आठवत असेल, याचा विचार मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

टेडी मेयरने कारखान्यातल्या लोकांना दुसऱ्या दिवशी सुटी घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर हजर होते. कुणी कुणाला बोलावले नव्हते. कॅन-अॅमची पहिली शर्यत बारा दिवसांवर आली होती आणि मोटारी तयार व्हायच्या होत्या. दुःखात हाताला काम असले की माणूस उभा राहतो, हे आपल्याकडेही घराघरांत अनुभवलेले असते. इथे तर काम म्हणजे गेलेल्या माणसानेच अर्धवट ठेवलेली मोटार होती.

१४ जून १९७० रोजी कॅनडातल्या मॉसपोर्ट येथे दोन नारिंगी मोटारी उभ्या राहिल्या. ब्रूसच्या जागी त्याचा मित्र, अमेरिकेचा डॅन गर्नी होता. दुसऱ्या मोटारीत हाताला बँडेज बांधलेला डेनी. गर्नीने शर्यत जिंकली. डेनी भाजलेल्या हातांनी तिसरा आला. त्या वर्षीच्या दहा शर्यतींपैकी नऊ मॅकलॅरन संघाने जिंकल्या, आणि विजेतेपद डेनीला मिळाले. ज्या मोटारीने मालकाचा जीव घेतला, तिच्याच जोडीदारांवर त्याच माणसांनी हे करून दाखवले. प्रत्येक वेळी आवरण बसवताना त्यांच्या मनात काय येत असेल!

ब्रूसला ऑकलंडमधल्या वाइकुमेटे दफनभूमीत पुरण्यात आले. ज्या पेट्रोलपंपावर तो वाढला त्याच शहरात. कंपनी टिकली. १९७४ मध्ये एमर्सन फिटिपाल्डीने तिला पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले. पुढे लाउडा, प्रॉस्ट, सेना, हॅकिनेन, हॅमिल्टन अशी एकाहून एक मोठी नावे तिच्या मोटारींतून जिंकली. रस्त्यावरच्या मॅकलॅरनचे त्याचे स्वप्नही १९९० च्या दशकात खरे झाले. १९९८ नंतर संघाचे अजिंक्यपद हुलकावणी देत राहिले. ते सव्वीस वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा मिळाले, तेव्हा मोटारींचा रंग पुन्हा नारिंगीच होता. ब्रूसला मात्र यातले काहीच पाहायला मिळाले नाही. त्याच्या वाट्याला संघ म्हणून आलेली वर्षे जेमतेम सात.

आजच्या मोटारींना संगणक आहेत, पवनबोगदे आहेत, शेकडो इंजिनिअर आहेत. तरीही त्यांचे अंग अजून खटक्यांनीच बांधलेले असते, कारण ते अजूनही झटपट काढावे लागते. पुढच्या वेळी टीव्हीवर शर्यतीआधीची धावपळ दाखवतील, तेव्हा मुलांना एक गोष्ट दाखवा. मोटार सुटण्यापूर्वी कुणीतरी मेकॅनिक वाकतो, एकेका खटक्यावरून बोट फिरवतो आणि आवरणावर तळहात दाबून पाहतो. कॅमेरा तिथे फार वेळ थांबत नाही. तो मेकॅनिक मात्र थांबतो, शेवटच्या खटक्यापर्यंत जातो, आणि मगच हात वर करतो.